वैशूसाठी बांधलेला कंप्युटर

माझ्या बायकोने लग्नानंतरच्या बावीस वर्षांत मला दोनच माणसांची उदाहरणं दिली. पहिले तिचे वडील. ते गेले तेव्हा मी मनातल्या मनात हुश्श केलं, देव मला क्षमा करो. दुसरा जनार्दन. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, दहावी नापास, मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, बारा महिने अंगाला डिझेलचा वास येणारा माणूस. सासऱ्यांशी स्पर्धा परवडायची, ते लांब राहायचे. हा लेकाचा आमच्या समोर राहायचा.

आधी माझं सांगतो, म्हणजे कोण कोणावर जळत होतं ते स्पष्ट होईल. काशीद सोडून मुरुडकडे निघालात की मध्ये आमचं गाव लागतं. कोळीवाडा संपतो आणि बाजार सुरू होतो त्या गल्लीच्या तोंडाशी माझं कंप्युटर सेंटर आहे, त्याच्याच मागे घर. सातबारा, दाखले, परीक्षेचे फॉर्म, झेरॉक्स आणि सुट्टीत मुलांना टायपिंगचा कोर्स. गावात मला सगळे 'सर' म्हणतात. आजूबाजूच्या चार गावांत कंप्युटरमधलं कळणारा माणूस कोण, तर सर. ही पदवी मला कोणी दिली नव्हती, पण मी ती वीस वर्षं जपली. बायको अपर्णा काउंटरवर बसून झेरॉक्स काढायची. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी एकदा ती म्हणाली होती, "मलाही शिकवा की हो, हे आतलं सगळं." मी म्हटलं, "बघू." ते बघायचं राहून गेलं.

जनार्दनची ओळख गावाला त्याच्या कानामुळे. कुठलंही इंजिन बिघडलं की तो हातभर लांबीचा एक स्क्रू ड्रायव्हर काढायचा, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. बोटीवर कितीही गलका असो, हा आपला उभा. मग डोळे उघडून म्हणायचा, "तिसऱ्या नंबरचा नोझल." खोलून बघितलं की तिसऱ्याच नंबरचं निघायचं. एकदा एक बोटमालक त्याच्याशी वाद घालायला लागला, की अरे, इंजिन तर गेल्याच वर्षी रंगवून घेतलंय. जनार्दन म्हणाला, "रंगानं मासली सापरत नाय, शेठ." हे वाक्य पुढे वर्षभर बंदरावर फिरत होतं. मी वीस वर्षं शिकवलं, माझं एक वाक्य कुठे फिरलं नाही.

बोटीवर चढताना तो चपला काठावर काढून ठेवायचा. घरी आला की ओट्याशेजारच्या नळावर कपड्यांच्या पावडरीने कोपरापर्यंत हात धुवायचा. एकदा नाही, तीनदा. मग हात नाकाशी नेऊन वास घ्यायचा आणि पसंत पडलं की गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारायचा, "वैशूऽऽ!" आमच्याकडे बायकोला हाक म्हणजे 'अगं' नाहीतर 'ऐकलंस का'. मी एकदा त्याला थट्टेने म्हटलं, "जनार्दन, अख्ख्या गावाला कळवतोस का रे बायकोचं नाव?" तर म्हणाला, "मंग नाव ठेवलाय कशाला, सर?"

दुपारचा डबा तो बंदरावर उघडायचा, पण उघडण्याआधी घरी फोन करून विचारायचा, "जेवलीस?" रोज. हे अपर्णाला मासळी आणायला गेली असताना कळलं, आणि अर्थातच त्या संध्याकाळी मला कळलं. "तुम्ही मला कधी विचारलंत?" मी म्हटलं, "तू माझ्यासमोर बसून जेवतेस, मला दिसतं ना." उत्तर तर्काला धरून होतं. पण चाललं नाही. दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

त्याची बायको वैशाली उरणकडची, मिठागरवाल्या आगऱ्यांच्या घरातली. मिठागरं गेली तशी तिच्या भावांनी ट्रेलर घेतले आणि बंदराच्या धंद्यात पडले. वैशालीचा जीव लहानपणापासून गाड्यांत. भाऊ पंधराव्या वर्षी स्टिअरिंगवर बसले आणि ही त्यांच्या ड्रायव्हरांच्या भाकऱ्या थापायला बसली. "बापाला सांगितला, मना पन शिकवा. बाप इतका हसला, इतका हसला, का त्याला ठसका लागला," असं ती स्वतःच हसत सांगायची. जनार्दन तिकडे कुणाचं तरी इंजिन बघायला गेला आणि हिला घेऊन आला. माहेरच्यांनी लग्नाला हजेरी लावली, पण मांडवात कोणी पाणीदेखील प्यायलं नाही.

लग्नात त्याने तिला शब्द दिला होता, की तुला गाडी चालवायला देईन. त्याप्रमाणे चार पैसे साठवून त्याने एक जुना टेम्पो घेतलाही. ओहोटीला वाळू कडक झाली की दोघं किनाऱ्यावर जायचे. ती चालवायची, हा बाजूला. दुसऱ्या गिअरपर्यंत आली आणि वादळ आलं. शेजारच्या वाडीतला माड थेट टेम्पोवर पडला. भंगारवाला येऊन घेऊन गेला त्या दिवशी वैशाली घरात मासे साफ करत होती, बाहेर आली नाही.

त्यानंतर ती मोबाइलवर ट्रकचा गेम खेळायला लागली. दुपारी सुकट उन्हात टाकून झाली की ओट्यावर बसायची. फोनच्या काचेला आडवा तडा गेलेला. ट्रक तड्यापाशी आला की रस्ता दिसायचा नाही, ती अंदाजाने चालवायची. चाळिशीला आलेली बाई ट्रकचा खेळ खेळते म्हणून गल्लीत बायका तोंडाला पदर लावायच्या. जनार्दन एकदा तिच्या मागे उभा राहून बराच वेळ बघत होता, ते मी माझ्या खुर्चीतून पाहिलं. त्याच आठवड्यात तो माझ्या सेंटरवर आला.

"सर, कंप्युटर बांधायचा त काय काय लागतं?"

"बांधायचा?"

"होरी बांधतात तसा. सुटं सामान आनून."

होडी बांधतात तसा कंप्युटर! मी हसलो. म्हटलं, "अरे, लॅपटॉप घे एक. हप्त्यावर मिळतो."

"लॅपटॉप मना खोलता येनार नाय. उद्या बंद परला, त वैशू कोनाच्या तोंडाकरं बगल?"

काउंटरवर माझी बायको बसली होती. तिने झेरॉक्सचं झाकण खाली ठेवलं, आणि ते ज्या तऱ्हेने ठेवलं त्यावरून मी समजलो, की आता हे प्रकरण माझ्या घरात शिरलं.

मी त्याला घाबरवायचा प्रयत्न केला. मोठ्या पडद्यावर तो ट्रकचा गेम चालवायचा तर ग्राफिक कार्ड लागतं, अमुक प्रोसेसर लागतो, हे तुझ्या बजेटात बसणार नाही. त्याने शांतपणे एक शाळेची वही काढली. "बजेट बसत नसतंय, बसवाचा असतंय. तुमी नावं सांगा, मी लिवतो." दुसऱ्या दिवशी परत आला तेव्हा वहीत चित्र होतं. मदरबोर्ड म्हणून एक चौकोन, आणि त्यात त्याच्या भाषेत सगळं. प्रोसेसरच्या जागी 'पिस्टन', पॉवर सप्लायच्या जागी 'डिझेल टाकी', पंख्याच्या जागी 'पाण्याचा पंप'. आणि काय सांगू, ते चित्र बरोबर होतं. मी पोरांना फळ्यावर काढून देतो त्यापेक्षा सोपं होतं. मी म्हटलं, "ठीक आहे."

पुढचे चार महिने तो माणूस सामान गोळा करत होता. अलिबागला एक सायबर कॅफे बंद झाला, तिथून पडदा आला. मुंबईच्या जुन्या बाजारातून पंखा तुटलेलं ग्राफिक कार्ड आलं. त्यावर त्याने दुसराच पंखा असा बेमालूम बसवला, की मूळचा वाटावा. दिवेआगरला एका होमस्टेवाल्याच्या वाडीतला पंप दुरुस्त करून दिला आणि मजुरीच्या बदल्यात त्याच्या पोराने कंटाळून टाकलेलं खेळातलं स्टिअरिंग घेऊन आला, खाली पायाने दाबायच्या ब्रेक-क्लचसकट. कंप्युटरचा बाहेरचा डबा मात्र विकत घेतला नाही. मासळीचा निळा क्रेट घासून घासून धुतला. "भोकं हायतच, हवा खेलते," म्हणाला. धूळ जाऊ नये म्हणून आतून बारीक विणीचं जाळं शिवलं. तो क्रेट मी वास घेऊन बघितला. चोरून. काही वास येत नव्हता.

हे सगळं वैशालीपासून लपवून. सामान तो बंदरावरच्या आपल्या खोपटात ठेवायचा. आणि अपर्णा रोज मला बातम्या द्यायची. "आज कार्ड आलं." "आज स्टिअरिंग आलं." तिच्या गेल्या वाढदिवसाला मी तिला मिक्सर आणला होता, चांगल्या कंपनीचा, तीन भांड्यांचा. त्यावर एवढा उत्साह मला दिसला नव्हता. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा. माझ्या विषयातलं काम, माझ्या गल्लीत, आणि कौतुक एका फिटरचं! वर माझीच बायको भाट.

मदरबोर्डबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. ती घेऊन तो माझ्याकडे आला, जरा वाचून सांगता का म्हणून. मी म्हटलं, ठेव, बघतो. तीन दिवस ठेवली. मुद्दाम, हो, मुद्दाम. चौथ्या दिवशी पुस्तिका जागेवर नव्हती आणि अपर्णाही काउंटरवर नव्हती.

वैशाली तेव्हा माहेरी गेली होती, भाचीच्या हळदीला. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा, आठवडाभर तरी ती येणार नव्हती. जनार्दनने तोच मुहूर्त धरला होता. मी समोर बघितलं तर त्याच्या ओट्यावर धुतलेली पांढरी चादर अंथरलेली, तिच्यावर सामान मांडलेलं आणि माझी बायको मांडी घालून पुस्तिका मोठ्याने वाचून मराठीत समजावून सांगतेय. "पंधरा मिनिटांत येते हो," तिने तिथूनच सांगितलं. दोन तासांनी आली. दुसऱ्या दिवशी तीन तास लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी सेंटरवर फॉर्मवाल्यांची रांग लागली आणि मी तिला बोलवायला म्हणून समोर गेलो. खरं तर रांग तीन माणसांची होती. जनार्दन उकिडवा बसून रॅमच्या सोनेरी दातांवर काहीतरी चोळत होता. करंगळीने, अगदी हळुवार, बाळाला टाळू भरावी तसा. शेजारी डबा उघडा होता. ग्रीस!

आता हे ज्याला माहीत नाही त्याला सांगतो. बोटीवर खाऱ्या हवेने तांबं आठवड्यात हिरवं पडतं, म्हणून बोटीवाले बॅटरीच्या, वायरीच्या प्रत्येक जोडाला ग्रीस फासतात. ज्याने आयुष्यभर बोटी केल्या त्याला दुसरं काही सुचणारच नाही. पण कंप्युटरच्या आतला जोड केसाएवढा बारीक. तिथे इंजिनाचं ग्रीस भरलं की संपलं, वीज पलीकडे जाणार कशी? त्याने नुसती रॅम नाही, ग्राफिक कार्डाचे दात, तारांची टोकं, सगळं ग्रीसने माखलं होतं.

"या सर," तो म्हणाला. "आज वैनींनी रॅम बसवली. पयल्याच फटक्यात बसली. परत कारली ग्रीस लावायला."

अपर्णाने माझ्याकडे बघितलं. तिच्या गालाला काळा डाग लागला होता आणि ती अशी हसत होती, की माझ्या काउंटरमागे वीस वर्षांत ती तशी हसली असेल तर मला आठवत नाही. मग ती जरा गंभीर झाली. "अहो, हे ग्रीस ठीक आहे ना? पुस्तकात कुठे लिहिलेलं नाहीये."

एका शब्दाचं काम होतं. 'नाही' म्हणायचं होतं. आणि मी म्हणालो, "खाऱ्या हवेचं बोटीवाल्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं."

जनार्दनचा चेहरा फुलला. सरांनी शाबासकी दिली होती ना! मी घरी आलो आणि दुपारभर फॉर्म भरताना तीन चुका केल्या.

रविवारी सकाळी वैशाली परत आली. तिचा थोरला भाऊ तिला गाडीने सोडायला आला होता. लग्नानंतर तो या घरात पहिल्यांदाच चढत होता, ते जनार्दनला आयतंच सापडलं. त्याने नवी होडी पाण्यात लोटताना करतात तसा सगळा थाट केला होता. क्रेटला झेंडूची माळ, हळद-कुंकू, वर छोटंसं निशाण. गल्ली जमलेली. आम्ही दोघंही होतो. वैशालीने ओट्यावर पाय ठेवला, क्रेट बघितला, पडदा बघितला, मग ते स्टिअरिंग बघितलं आणि तिथेच मटकन खाली बसली.

"कोनाचा हाय यो?"

"तुजा."

तिने तोंडावर हात दाबून धरला. रडत होती की हसत होती, सांगता येत नव्हतं. जनार्दनने तिच्या हातात नारळ दिला. तिने तो पायरीवर फोडला, पाणी क्रेटच्या चारी बाजूंना शिंपडलं, लांबूनच, सांभाळून. मग खुर्चीत बसली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि जनार्दनने सांगितल्याप्रमाणे बटण दाबलं.

पंखे फिरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडदा काळाच राहिला.

पुन्हा दाबलं. पुन्हा काळा. जनार्दनने क्रेटला कान लावला, डोळे मिटले. पण त्या यंत्राला त्याला ऐकू येईल असं काही बोलताच येत नव्हतं. कुणीतरी मागे फिसकन हसलं. भावाने घसा साफ केला आणि म्हणाला, "दाजी, रेडिमेड घ्यायचा ना. आमाला सांगायचा, आमी दिलं असतं पैसं." वाईट बोलला नाही तो. वाईट बोलला असता तर बरं झालं असतं. हे एक वाक्य कधी ऐकावं लागू नये म्हणून जनार्दन पंधरा वर्षं खपत होता.

"दिसतंय तरी किती झ्याक!" वैशाली म्हणाली आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेली. स्टिअरिंगवरचे हात तिने सावकाश काढले ते मी बघितलं.

"कायतरी अरकलाय," जनार्दन म्हणत होता. "संध्याकाली सगला खोलतो, डिझेलात धुतो. नोझल धुतो तसा."

मी अपर्णाला म्हटलं, चल. गल्ली ओलांडायची म्हणजे दहा पावलं. मध्यावर तिने विचारलं, "डिझेलने धुतलं तर चालेल का हो?"

मी थांबलो. समोर माझ्या सेंटरची पाटी दिसत होती. आता गप्प राहिलो असतो तर चार महिन्यांचं सामान संध्याकाळपर्यंत कचरा झालं असतं. आणि खरं सांगतो, एक क्षणभर मला तेही गोड वाटलं. पुढच्याच क्षणी माझी मलाच शिसारी आली.

"नाही चालणार," मी म्हणालो. "ग्रीसही चालत नव्हतं. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं."

मला वाटलं, ती ओरडेल. ओरडली नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू दुसऱ्याच कुणाचा तरी नवरा चुकून शेजारी उभा आहे. मग म्हणाली, "मग घरी कशाला निघालात? वळा."

वळलो. सगळे अजून तिथेच होते, भावाच्या हातात चहाचा कप होता. मी ओट्यावर चढलो आणि बोलून टाकलं. म्हटलं, जनार्दनचं काही चुकलेलं नाही, जोडणी चोख आहे. ग्रीसने बिघडलंय. मला आधीच विचारलं होतं, मला ठाऊक होतं आणि मी मुद्दाम सांगितलं नाही. "का?" असं भावाने विचारलं. मी म्हटलं, "जळत होतो."

जनार्दन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने मला आजवर कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "माज्यावर जलत व्हतास, त माज्या कानाखाली वाजवायची," तो म्हणाला. "तिनं नारल फोरला रं. लोकांसमोर फोरला. तुला तिचा चेहरा दिसला नाय?"

दिसला होता. मी मान खाली घातली. वैशाली दारात कपांचं ताट घेऊन उभी होती. मी तिची माफी मागितली, बहुधा काहीतरी लांबलचक बोलत होतो, कारण तिने मला मध्येच तोडलं. "सर, ती माफी ऱ्हाऊ द्या. साफ कशानं व्हतंय त्ये सांगा."

मेडिकलमधून स्पिरिट आलं. टूथब्रश आले, खोडरबर आलं. चादर पुन्हा अंथरली. वैशाली, अपर्णा आणि तो थोरला भाऊ, तिघं मांडी घालून एकेक दात पुसत बसले. हो, भाऊसुद्धा. त्याच घरात तो त्या दुपारी भाकरी-कालवण जेवला आणि पाणी दोनदा मागून प्यायला. मला जनार्दनने कशालाही हात लावू दिला नाही. फक्त एकदा म्हणाला, "क्रेट धरा." तुमी-सरवर परत आला होता. मी तासभर क्रेट धरून उभा होतो. माझ्या घरासमोर, माझ्या गिऱ्हाइकांसमोर.

चारच्या सुमारास पडदा उजळला. वैशालीने गेम लावला, ट्रक निवडला, पिवळा, आणि रस्त्यावर निघायच्या आधी काय केलं असेल तर हॉर्न वाजवला. बराच वेळ वाजवला. जनार्दन तिच्या मागे उभा राहून असा हसत होता, की मला केल्या गोष्टीचं वाईट वाटायला हवं होतं, माझी लाज वाटायला हवी होती, ती वाटतही होती, आणि तरीही वाटलं, हे असं हसणं मला का मिळू नये? हेवा लाजेने मरत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

अपर्णा माझ्याशी नऊ दिवस कामापुरतं बोलली. दहाव्या दिवशी तिने बंद पडलेला एक कंप्युटर टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हा मी खोलतेय. तुम्ही झेरॉक्सवर बसा." आता लोक दुरुस्तीला येतात ते वैनी आहेत का विचारत. मी आहे म्हटलं तर म्हणतात, मग नंतर येतो.

वैशाली दीड वर्ष ओट्यावरून कुठकुठल्या देशांतून ट्रक हाकत होती. रस्त्यावरून जाणारे पर्यटक थांबून बघायचे. मग एक दिवस ती स्वतःच उठून अलिबागला ड्रायव्हिंग क्लासला गेली. पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. भावाला फोन करून म्हणाली, "तुज्याकरं पिकअप पडून हाय ना? मी चालवीन." तिकडून काय उत्तर आलं माहीत नाही, पण या वेळी कुणी ठसका लागेपर्यंत हसलं नसणार. दोघांचं उरणला राहायला जायचं ठरलं, तेव्हा जनार्दनला लोक म्हणाले, अरे, तुझं बंदर इथे, तुझी गिऱ्हाइकं इथे, बायकोमागे काय उरणला जातोस? तो म्हणाला, "इंजिनं तिकरं पन बिघारतात."

ते गेले त्या सकाळी भावाची पिकअप गल्लीत उभी होती. भांडी, गाद्या, जाळी, सगळं मागे बांधलं. निळा क्रेट मात्र जनार्दनने मागे ठेवू दिला नाही. तो बाजूच्या सीटवर बसला आणि क्रेट मांडीवर घेतला. वैशाली स्टिअरिंगवर. आमची गल्ली अरुंद, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला माझी पायरी, आणि गाडी रिव्हर्सने मुख्य रस्त्याला काढायची होती. झालं! गल्लीतले सगळे पुरुष रस्त्यावर. "डावीकरं घे!" "आता सरळ!" "थांब, थांब, गटार!" "अगं, मागे बघ!" प्रत्येकाचा हात वेगळ्या दिशेला. अपर्णा माझ्या शेजारी उभी होती.

जनार्दन एक शब्द बोलला नाही. आरशात बघितलं नाही, मान वळवली नाही, सीटची कड धरली नाही. क्रेटवर दोन्ही हात ठेवून तो आपल्या बाजूच्या खिडकीतून समुद्राकडे बघत बसला होता, आरामात. गाडी मागे मागे जात गटाराला चाटून रस्त्याला लागली, वळली आणि गेली.

अपर्णाने माझ्या दंडाला हात लावला, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गाडी दिसेनाशी झाली तरी मी अजून ओरडतोच आहे, "डावीकडे, डावीकडे घे!"